रापणीचा दोर आणि व्यासांचे आजोळ

श्रावण शुद्ध पौर्णिमा आम्हां मराठवाड्यातील कुटुंबांना दोन-तीन कारणांनी परिचित आहे. सकाळी श्रावणी होते, जुने यज्ञोपवीत उतरून नवे गळ्यात येते. दुपारी भगिनी राखी बांधतात. आणि पानात नारळीभात पडतो. त्या भातातला नारळ मोंढ्यावरच्या दुकानातून येतो. तो कोणत्या समुद्राच्या काठी वाढला आणि नेमका आजच्याच तिथीला तो का लागतो, याचा विचार करण्याचे प्रयोजन घरात कोणास पडत नाही. आम्हांसही साठी जवळ येईपर्यंत पडले नव्हते. आमच्या जालना जिल्ह्यात पाणी म्हणजे विहीर, बारव आणि दक्षिणेच्या शिवेवरून वाहणारी गोदामाई. समुद्र आम्ही पाहिला तो पुराणांत. क्षीरसागर, लवणसागर, अगस्तींनी प्राशन केलेला सागर, सेतूखालचा सागर. खारे पाणी जिभेला लागलेला सागर त्यांत एकही नव्हता.

आणि तरीही आमच्या अंबडची ग्रामदेवता कोण, तर मत्स्योदरी! गावालगतची टेकडी माशाच्या आकाराची, त्या माशाच्या उदरस्थानी महाकाली, महालक्ष्मी व महासरस्वती या रूपांत जगदंबा बसलेली, म्हणून हे नाव पडले असे परंपरा सांगते. देवळाच्या जीर्णोद्धाराशी पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडलेले आहे. आश्विनातील नवरात्रात ती टेकडी माणसांनी फुलून जाते. ज्यांनी जन्मात लाट पाहिली नाही अशा किती पिढ्यांनी त्या माशाच्या पोटातील आईपुढे नारळ वाढवला असेल! संस्कृत कोश उघडला तर ‘मत्स्योदरी’ हे व्यासमाता सत्यवतीचेही एक नाव म्हणून सापडते. हे आम्हांस विद्यार्थिदशेपासून ठाऊक होते. ठाऊक होते, इतकेच.

वाचकांपैकी अनेकांच्या ध्यानात नसलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. आमचा जालना जिल्हा ज्या दिवशी अस्तित्वात आला, त्याच दिवशी, म्हणजे १ मे १९८१ रोजी, रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हाही जन्मास आला. एकाच्या कुंडलीत गोदावरी आणि कपाशी, दुसऱ्याच्या कुंडलीत अरबी समुद्र आणि माड. ही जुळी भावंडे एकमेकांस फारशी ओळखत नाहीत. आम्हांस ती ओळख घडली २०१८ सालच्या नारळी पौर्णिमेस, मालवण बंदरी, एका कीर्तनाच्या निमित्ताने. आणि ओळख घडली ती आमची फजिती होऊनच.

मालवणची नारळी पौर्णिमा हा पाहण्यासारखा सोहळा आहे. समोर कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांचा सिंधुदुर्ग उभा. त्याच्या पायाभरणीच्या वेळी, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, महाराजांनी किनाऱ्यावरच्या खडकाशी गणेशपूजन केले. तो ‘मोरयाचा धोंडा’ आजही तेथे आहे, आणि त्यावर कोरलेले गणपती, चंद्र, सूर्य व शिवलिंग आजही पुजले जातात. पौर्णिमेच्या दिवशी किल्ल्यातून मानाचा नारळ निघतो व सागरास अर्पण होतो; ही चाल शिवकालापासूनची, असे तेथील लोक सांगतात. त्यामागून सायंकाळी गावचे व्यापारी व नागरिक मिरवीत बंदरावर येतात आणि आपापले नारळ वाहतात. काठावर नारळ लढवण्याची झुंबड उडते. दोघांनी आपापला नारळ एकमेकांवर आपटायचा आणि ज्याचा फुटेल तो हरला, असा तो खेळ. आम्ही पंचपात्री घेऊन संथपणे वरुणसूक्त म्हणण्याच्या तयारीने गेलो होतो. तो कल्लोळ पाहिला आणि पंचपात्री पिशवीतच राहू दिली.

वाचकहो, हा नारळ कशासाठी? पावसाळ्यात सागर उधाणलेला असतो, होड्या काठावर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, जाळी घरात टांगलेली असतात. बहुतेक माशांचा प्रजननाचा काळही तोच. आपण आषाढी एकादशीपासून चातुर्मास धरतो. दर्यावर्दी लोकांचा चातुर्मास त्याच्याही आधी, मृगाच्या पावसाबरोबर, लागतो. सरकारी बंदीही जूनच्या प्रारंभापासून असते. माशांना अभय देण्याची कल्पना या भूमीत नवीन नाही. सम्राट अशोकाने अभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासांच्या तिन्ही पौर्णिमांना व तिष्य पौर्णिमेला, मागचा-पुढचा दिवस धरून, मासे मारू नयेत आणि विकूही नयेत अशी आज्ञा आहे. यंत्राच्या नौका आता सरकारी मुदत संपताच निघतात. पण जुन्या वळणाचा माणूस श्रावणी पौर्णिमेचा नारळ सागरास दिल्यावाचून होडी पाण्यात लोटत नाही. ‘आता शांत हो, आम्ही येतो आहोत’, एवढेच त्या नारळाचे सांगणे.

त्या रात्री कीर्तनास आम्ही उत्तररंगात च्यवन ऋषींचे आख्यान लावले. समुद्रकाठचा श्रोतृवर्ग, बव्हंशी गाबीत समाजाचा, म्हणजे परंपरेने दर्यावर जगणारा. तेव्हा जाळ्याची कथा शोभेल, हा आमचा हिशेब. कथा महाभारताच्या अनुशासनपर्वातील आहे. शरपंजरी पडलेले भीष्म ती युधिष्ठिरास सांगतात. भृगुकुलोत्पन्न च्यवन गंगा-यमुनांच्या संगमात, पाण्याखाली, बारा वर्षे खांबासारखे निश्चल बसले. जलचर त्यांना भीत नाहीसे झाले. मासे येऊन त्यांचे ओठ हुंगीत. पुढे एके दिवशी धीवर आले, त्यांनी जाळे टाकले, आणि ओढून पाहतात तो माशांच्या राशीत हे ऋषी! अंगावर शेवाळ, दाढीजटा हिरवट झालेल्या, गात्रांना शंखशिंपले चिकटलेले. धीवरांनी भयाने दंडवत घातले. ऋषी मात्र तडफडणाऱ्या माशांकडे पाहून सुस्कारे टाकीत होते. ते म्हणाले, यांच्या सहवासात मी राहिलो आहे, यांना टाकून मी येणार नाही. प्राण जावोत वा यांच्याबरोबर माझीही विक्री होवो.

राजा नहुष धावत आला. ऋषींनी त्याला सांगितले, या लोकांचे श्रम फार झाले आहेत, माझे मोल यांना दे, आणि माशांचेही दे. राजाने सहस्र देऊ केले, लक्ष देऊ केले, कोटी देऊ केले, अर्धे राज्य, मग सगळे राज्य. ऋषी म्हणत, हे माझे मोल नव्हे. शेवटी गाईच्या पोटी जन्मलेला एक वनवासी मुनी आला. त्याने सुचविले, मोल करता येत नाही अशा ब्राह्मणाच्या बदल्यात मोल करता येत नाही अशी गाय दे. ऋषी संतुष्ट झाले. धीवरांनी ती गाय ऋषींनाच अर्पण केली, त्यांनी ती स्वीकारली, आणि त्यांच्या वराने धीवर आणि मासे एकत्रच स्वर्गाला गेले.

हे आख्यान आम्ही चाळीस वर्षे लावीत आलो आहोत. कबूल केले पाहिजे की आमचा सगळा भर गोमाहात्म्यावर असे. तेथे श्रोते डोलतात, टाळ्या पडतात. धीवरांचे भय आम्ही विनोदी अंगाने रंगवीत असू. आणि जाळे? उपरणे खांद्यावरून काढून ते गरगर फिरवून समोर फेकायचे, दोन हातांनी ओढायचे, ‘अरे बापरे, केवढा मासा!’ म्हणून डोळे विस्फारायचे. आमच्या मुलुखात ही नक्कल हमखास हशा मिळवते. मालवणातही लोक हसले. ते कशास हसले हे आम्हांस आरती झाल्यावर कळले.

आरतीचे तबक फिरून गेले आणि सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ पुढे आले. नमस्कार केला, आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, ‘बुवानू, कीर्तन बरा झाला. पण तुमच्या जाळ्यात एकय मासो गावाचो नाय.’

आम्ही गोंधळलो. त्यांनी समजावून सांगितले. आम्ही जे फेकले तो पाग, एकट्याने गुडघाभर पाण्यात उभे राहून मारायचे हातजाळे. त्याने खाडीच्या तोंडाशी घरापुरते मासे मिळतात. खडकावर बसून दोर-गळाने गरवतात तेही एकट्याचे काम. पण ज्या जाळ्याला राशीच्या राशी लागतात आणि ऋषीसुद्धा अडकू शकेल ते जाळे निराळे. ‘ता एकट्यान ओढूचा नसता. कार्तिकात येवा. दोराक हात लावा, मगे सांगा.’ हे गृहस्थ एका रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके होते.

अंबडला परतल्यावर आम्ही आधी अनुशासनपर्व काढले. आणि काय पाहावे! मूळ ग्रंथात त्या जाळ्याचे वर्णन स्पष्ट आहे. नव्या सुताचे, लांबी-रुंदीने संपन्न, चोहोंकडे पसरलेले, आणि सगळ्यांनी मिळून बळाने ओढलेले. त्या धीवरांना निर्भय आणि हर्षित म्हटले आहे, आणि आणखी एक विशेषण दिले आहे: एकमेकांच्या अधीन राहणारे. ज्या पोथीवर आमचे आयुष्य गेले तीत हे होते. आम्ही प्रत्येक वेळी त्यावरून गाईकडे धावत गेलो होतो. ‘एकमेकांच्या अधीन’ याचा अर्थही आम्हांस त्या दिवशी उमगला असे नाही. समास सोडविला, एवढेच. पादपूरणार्थ असेल, अशी पंडिती शंकाही मनास शिवून गेली.

कार्तिकात गेलो. काकडआरतीच्या दिवसांत हा मनुष्य मासे ओढावयास कोकणात जातो, म्हणून घरात थोडी कुजबुज झाली; ती सोडून देऊ.

रापण म्हणजे काय ते आता सांगतो. हे काठावरून ओढायचे महाजाळे. ते एकाच्या मालकीचे सहसा नसते. अनेक घरांनी आपापला जाळ्याचा तुकडा आणायचा, ते तुकडे जोडायचे आणि त्या सर्वांचा मिळून एक रापणसंघ व्हायचा. वरच्या दोराला तरंगणारी बोंडे, खालच्या दोराला वजने. मधोमध झोळीसारखा फुगीर भाग, तेथे विणकर बारीक. पूर्वी ही जाळी सुताची असत, ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढीत. ओढायचे दोर काथ्याचे, म्हणजे नारळाच्याच सोडणाचे. आता दोन्ही ठिकाणी नायलॉन आले आहे. पौर्णिमेस सागराला दिलेल्या नारळाचेच सोडण वळून एके काळी सागर ओढला जात असे, ही गोष्ट तांडेलांनी सहज सांगितली आणि ते पुढे चालू लागले. आम्ही मात्र तेथेच थबकलो.

पहाटे दांडीच्या किनाऱ्यावर, दांडेश्वराच्या देवळापासून जवळच, मंडळी जमली. तांडेल पाण्याकडे पाहत उभे होते. माशांचा थवा काठाजवळ आला की पाण्याचा रंग तेवढ्यापुरता गडद होतो, पाण्यावर सुरकुती उठते, वर पक्षी घिरट्या घालून सूर मारतात. आमच्या डोळ्यांना सगळे पाणी सारखेच दिसत होते. त्यांनी हात वर केला. दोराचे एक टोक काठावरच्या लोकांच्या हाती देऊन जाळ्याने भरलेली होडी निघाली, वल्ही मारीत लांब गेली, अर्धवर्तुळ घेत जाळे सोडीत आली आणि बरेच अंतर टाकून दुसऱ्या बाजूस काठाला लागली. दुसऱ्या दोराचे टोक तिकडच्या लोकांनी धरले. आता काठावर दोन फळ्या, मध्ये समुद्राचा एक तुकडा कवेत घेतलेला.

आम्ही धोतराचा काचा मारून उत्तरेकडच्या फळीत, शेवटून तिसरे उभे राहिलो. दोर ओला, खरखरीत, आणि कल्पनेपेक्षा जिवंत. लाट आली की तो आपल्याला ओढतो. पाय वाळूत रोवून मागे मागे जायचे. जो अगदी मागे पोचेल त्याने दोर सोडून पुढे पाण्याशी येऊन पुन्हा धरायचा. पहिल्या पाव तासात तळव्यांना फोड आले. आम्ही मृदंगाच्या ठेक्यावर पन्नास वर्षे पाय टाकलेला मनुष्य, पण ती लय आमच्या पायात येईना. आम्ही उत्साहाने जरा जोरात ओढले, तोच पाण्यातून आरोळी आली आणि सगळी फळी थांबली. आमच्याकडे कुणी रागाने पाहिले नाही. शेजारच्या माणसाने सांगितले: एका बाजूने जास्त ओढ लागली की जाळ्याचे तोंड तिरके होते आणि मासळी त्या फटीतून निघून जाते. म्हणून उत्तरेच्या फळीने दक्षिणेकडे पाहायचे, दक्षिणेच्या फळीने उत्तरेकडे. जाळे जवळ आले की दोघे-चौघे पाण्यात शिरून खालचा दोर पायांनी तळाशी दाबून धरतात. तो उचलला गेला तर खालून मासळी जाते. ते पाण्यातले लोक ओरडतील तसे काठाने वागायचे, आणि काठ हलेल तसे पाण्यातल्यांनी सरकायचे. तांडेलाचेसुद्धा तेथे स्वतःचे असे काही चालत नाही. तोही पाण्यातल्या पोराचा शब्द ऐकतो.

फोड आलेल्या हातांनी दोर धरलेला असताना अनुशासनपर्वातले ते विशेषण आम्हांस आठवले. पादपूरणार्थ म्हणे! ज्याने हे काम जवळून पाहिले नाही त्याला तो शब्द सुचणेच शक्य नाही. आणि मग दुसरे आठवले, जे शाळकरी पोरासही ठाऊक असते. व्यासांचे आजोळ कोणाचे? उपरिचर वसूच्या वीर्यापासून, शापाने मासोळी झालेल्या अद्रिका अप्सरेच्या उदरी, यमुनेत जी जुळी झाली, ती धीवरांनाच जाळ्यात सापडली. मुलगा मत्स्यराजा झाला. मुलगी दाशराजाच्या घरी वाढली, यमुनेवर नाव चालवू लागली. ती सत्यवती, ती मत्स्यगंधा, तीच मत्स्योदरी. तिचा पुत्र द्वैपायन व्यास. ज्याचे आजोळच कोळ्याचे, त्याला जाळे कसे ओढतात हे कुणी शिकवावे लागले असेल काय? चाळीस वर्षे त्या ग्रंथाचे अन्न आम्ही खाल्ले. त्यातली आजोळची खूण आम्हांस मालवणच्या वाळूत सापडली.

अडीच-तीन तासांनी दोन्ही फळ्या जवळ आल्या आणि झोळी काठास लागली. बांगडे होते, तारल्या होत्या, पेडवे होते, इतर बारीकसारीक. आम्हांस ती रास मोठी वाटली. त्यांचे चेहरे मात्र पडलेले होते. आम्ही तेव्हा कोठे पाहिले की ओढणाऱ्यांत बहुतेक पन्नाशीपुढचे. तरुण पोरे यांत्रिक नौकांवर, नाहीतर पर्यटकांना पाण्याखाली बुडी मारून दाखविण्याच्या धंद्यात. चार-दोन पर्यटकांनी येऊन दोराला हात लावून छायाचित्र काढून घेतले आणि ते निघून गेले. आम्ही त्यांना हसणार होतो, पण आमच्या फोडांकडे पाहून गप्प राहिलो.

बसल्यावर तांडेल बोलले. रापण ही किनाऱ्याच्या आशेवर जगते. मासळी काठाशी आली तर तिला मिळणार. आता खोल पाण्यात पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौका सगळा थवाच घेरतात आणि बटव्याची नाडी ओढावी तसे जाळ्याचे तोंड खालून आवळून घेतात. काही जण रात्री प्रखर विजेचे दिवे पाण्यावर सोडतात. मासळी उजेडाला भुलून गोळा होते. राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले आणि आपल्या सागरी हद्दीत, म्हणजे काठापासून बारा सागरी मैलांपर्यंत, ती जाळी सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच काळापुरती मर्यादित केली. दिव्यांच्या मासेमारीस केंद्र सरकारने २०१७ च्या नोव्हेंबरात बंदी केली. महाराष्ट्राचा मूळ कायदा १९८१ चा, तो २०२१ मध्ये अधिक कडक झाला. हे सर्व कागदावर आहे. किनाऱ्यावरची तक्रार थांबलेली नाही.

आम्ही कीर्तनकार; कोणाचे जाळे किती मापाचे असावे हे सांगणे आमचे काम नव्हे. पण या प्रश्नाला आपल्या शास्त्रात नाव आहे आणि ते नाव माशांवरूनच पडले आहे: मत्स्यन्याय. शतपथब्राह्मणात मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा येतो आणि म्हणतो, माझा सांभाळ कर. आम्ही लहान असतो तोवर आमचा नाश फार, कारण मासाच माशाला गिळतो. तोच पुढे वाढून प्रलयात मनूची नौका ओढतो. पुराणांनी त्याला विष्णूचा पहिला अवतार मानले. मोठ्याने लहानाला गिळावे ही अवस्था असह्य झाली तेव्हा प्रजेने मनूला राजा केले, असे शांतिपर्वही सांगते आणि कौटिल्यही सांगतो. राजाची गरज प्रथम कशासाठी पडली, तर याच्यासाठी. आणि गंमत अशी की कौटिल्याच्या राज्यात मासेमाराकडून नौकेचे भाडे म्हणून सहावा हिस्सा घेतला जाई. सहावा हिस्सा घेणाऱ्यावर राखण्याचे ऋण येते, एवढे आम्ही कीर्तनात निःशंक सांगू शकतो.

एखाद्या सात्त्विक वाचकाच्या मनात येथे प्रश्न उभा राहिला असेल, की बुवा हिंसेचे समर्थन करू लागले काय? आम्ही आजन्म शाकाहारी आहोत, तसेच राहणार. पण च्यवनांपेक्षा अधिक अहिंसक आम्ही नव्हे. बारा वर्षे ज्यांनी मासे अंगावर खेळविले त्यांनी धीवरांना शाप दिला नाही. त्यांचे श्रम मोठे आहेत, त्यांचे मोल चुकते करा, हे त्यांचे पहिले राजाशी बोलणे. माशांसाठी अश्रू आणि धीवरांसाठी मोल, ही दोन्ही एकाच वेळी एका अंतःकरणात राहिली. आम्हांस हे अजून नीट साधत नाही, म्हणून आम्ही त्यावर अधिक बोलत नाही.

वाटे पडू लागले. जाळ्यांचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. दोराला हात लावलेला कोणी रित्या हाती जात नाही, हा रापणीचा जुना शिरस्ता. बायका पाट्या घेऊन लिलावाला बसल्या होत्या. आम्ही हळूच बाजूला होत होतो, तोच तांडेल आठ-दहा बांगडे घेऊन समोर उभे. ‘दोराक हात लावल्यात, म्हणजे वाटो तुमचो.’

आता काय करावे? गळ्यात तुळशीमाळ, कार्तिक मास, समोर बांगडे. नाही म्हणावे तर त्या तीन तासांचा अपमान. त्या गोंधळात आम्हांस च्यवनांची गाय आठवली. धीवरांनी दिलेली वस्तू त्यांनी घेतली होती. परत केली नव्हती. आम्ही उपरण्याचा पदर पसरला. अंगावर शहारा आला हे खोटे सांगत नाही. तांडेल हसून म्हणाले, आता तुमचे झाले, कुणाला द्यायचे त्याला द्या.

काठाशी एक वृद्ध बाई बसली होती. तिच्याने आता दोर ओढवत नसे, पाटीही उचलत नसे. सवयीने रोज येऊन बसे. आम्ही तो वाटा तिच्यापुढे ठेवला. तिने निरखून पाहिले, गंध पाहिले, माळ पाहिली आणि विचारले, ‘खयचे तुमी?’ जालन्याकडचे, अंबडचे, म्हणून सांगितले. ‘थय दर्या आसा?’ नाही म्हटले. पण आमच्या देवीचे नाव मत्स्योदरी, माशाच्या पोटातली. बाईने हात जोडले. मग उठली, हळूहळू आपल्या घराकडे गेली आणि आमची एसटी चुकते की काय अशी वेळ आली तेव्हा एक सोललेला, शेंडी राखलेला नारळ घेऊन परत आली. ‘ह्यो तिका द्या. सांगा, मालवणसून इलो.’

तो नारळ आम्ही मांडीवर घेऊन घाट चढलो.

अंबडला आल्यावर, जवळच्याच एका देवस्थानाशी संबंधित एका गृहस्थांच्या कानी ही हकीकत गेली. त्यांनी शंका उपस्थित केली, की मासळी देऊन आलेला नारळ देवीस कसा चालेल? शंका त्यांनी चारचौघांत उपस्थित केल्यामुळे उत्तरही चारचौघांत द्यावे लागले. आम्ही त्यांना एवढेच विचारले, ‘आपण सकाळी देवीचा जयजयकार करता तो कोणत्या नावाने?’ ते नाव त्यांनी अर्धे उच्चारले आणि थांबले. पुढची मार्गशीर्ष पौर्णिमा, दत्तजयंतीचा दिवस. टेकडी चढून आम्ही तो नारळ मत्स्योदरीपुढे वाढवला. पाणी भरपूर निघाले. खोबऱ्याचे तुकडे करून वाटले. ते गृहस्थही आले होते, त्यांनी हात पुढे केला आणि प्रसाद घेतला. खाल्ला की पदरी बांधला, ते आम्ही पाहिले नाही.

त्यानंतर च्यवनांचे आख्यान आम्ही दरवर्षी नारळी पौर्णिमेस अंबडातच लावतो. उपरणे गरगर फिरवीत नाही. श्रोत्यांतून वीस-पंचवीस मंडळींना उठवितो, मंडपात दोन फळ्या करतो, मध्ये एक दोर देतो आणि सांगतो, समोरच्या फळीकडे पाहून ओढा. पहिल्या खेपेस हटकून एक बाजू जोर करते आणि सगळे मंडपात कोसळतात.